जुना ट्रक इथेनॉलवर : सुरुवात टाकीपासून

प्रश्न : वडिलांनी लष्कराच्या लिलावात निसान वन-टन घेतला होता. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. गुऱ्हाळाचा गूळ, शेणखत, गणपतीची मिरवणूक, सगळं या गाडीनं ओढलं. पण लिटरला चार किलोमीटरच्या वर ती कधी गेली नाही, म्हणून हल्ली शेडमध्येच उभी असते. डिझेल इंजिन टाकून घ्या म्हणून सगळे मागे लागलेत, पण वडिलांना ते मान्य नाही. आता पंपावर ई-१०० हे इथेनॉलचं इंधन मिळतं असं ऐकलं. एक मेकॅनिक म्हणतो, कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक छिद्र, मोठा केला की झालं. खरं आहे का? शिवाय ओळखीतला एक जण डिस्टिलरीतून स्पिरिटचा ड्रम आणून देतो म्हणतोय. घ्यावा का?
(एक वाचक, करवीर तालुका, जि. कोल्हापूर)

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ड्रम घेऊ नका. परवान्याशिवाय स्पिरिट बाळगणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याला ‘गाडीसाठी आणलंय’ हे सांगून सुटका होत नाही. दुसरं म्हणजे ड्रममध्ये नेमकं काय आहे ते तुम्हाला कळणार नाही. कारखान्याच्या रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल कोरडं केलेलं, साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या वरचं असतं. पाणी असलेलं स्पिरिट टाकीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर ओतलं तर दोन थर होतात. खाली स्पिरिट आणि पाणी, वर पेट्रोल. पंप खालून ओढतो, गाडी घाटात मिसिंग करते आणि माणूस प्लग बदलत बसतो.

ई-१०० मात्र खरोखर सुरू झालंय. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलच्या १८३ पंपांवर ते आलं, आणि ज्या पाच राज्यांत ते आलं त्यांत आपलं महाराष्ट्रही आहे. नावात १०० असलं तरी त्यात ९३ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि थोडं को-सॉल्व्हंट, म्हणजे दोन्ही एकजीव ठेवणारं रसायन, असतं. तुमच्या नेहमीच्या फेऱ्यांच्या टप्प्यात असा पंप आहे का आणि तिथं माल कायम असतो का, हे आधी स्वतः जाऊन बघा. त्या पंपावर चार वेळा विचारून खात्री होईपर्यंत गाडीला पाना लावू नका. बहुतेकांचं काम इथंच फसतं. इंजिन तयार होतं आणि इंधन मिळत नाही.

हिशोबही आधीच मांडा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे दोन तृतीयांश. चारची गाडी पावणेतीनवर येईल असं धरून चाला. पेट्रोल १०० रुपये असेल तेव्हा ई-१०० सत्तरच्या खाली मिळालं तरच पैसे वाचतात. नुसते पैसे वाचवायचे असतील तर हे काम करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. पण वडिलांचं इंजिन वडिलांच्या आवाजात चालू ठेवायचंय आणि आपल्याच उसाचं इंधन त्यात जळावं असं वाटतंय, तर काम करण्याजोगं आहे. तुमचं इंजिन त्याला चांगलं आहे. चार लिटरचं, लोखंडी ब्लॉकचं, कमी कॉम्प्रेशनचं, कार्ब्युरेटरवालं. त्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. ब्राझीलनं १९७५ मध्ये अल्कोहोलचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा तिथल्या गॅरेजांत अशीच कार्ब्युरेटरची इंजिनं इथेनॉलवर नेली गेली.

तुमचा मेकॅनिक जेटबद्दल चुकीचं बोलत नाही, पण तो मधूनच सुरुवात करतोय. सुरुवात टाकीपासून करायची.

जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून शिसं आणि कथलाचा मुलामा असतो. इथेनॉल तो हळूहळू खातं. शिवाय इतक्या वर्षांचा पेट्रोलचा गोंद ते सोडवून पुढं ढकलतं. म्हणून टाकी उतरवा. आतून गंज नसेल तरी माझा सल्ला नवी स्टेनलेस टाकी करून घेण्याचाच आहे. आपल्याकडं दूध संघांच्या टाक्या करणारे फॅब्रिकेटर गावोगाव आहेत. एसएस ३०४ च्या पत्र्यात जुन्या टाकीच्या मापानं ते सुबक काम करतात. टाकीचं झाकण घट्ट बसणारं हवं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा.

पुढं पाइप. तांब्याची नळी काढून स्टीलची टाका. रबराचे तुकडे जिथं जिथं असतील तिथं फ्लुरो रबरचे, म्हणजे दुकानात ‘व्हिटॉन’ म्हणून मागतात ते टाका. साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि आतून काळे कण सोडतं. एसी पंपाचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या इंधन पंपाचा, डायफ्रॅम (आतला पडदा) जुन्या रबराचा असेल तर तो महिन्या-दोन महिन्यांत फाटू शकतो. फाटला की इंधन थेट इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये, ऑइलमध्ये जातं. इथेनॉलला चालणारा डायफ्रॅम मिळाला नाही तर इथेनॉलसाठी बनवलेला कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा. त्याला इंजिन बंद पडताच पंप बंद करणारा ऑइल-प्रेशर स्विच हवाच. बुचाची आणि कॉर्कची पॅकिंग काढून टाका. टाकीनंतर एक आणि कार्ब्युरेटरआधी एक, असे दोन फिल्टर ठेवा. पहिल्या काही टाक्यांत ते तुंबणार आहेत, जास्तीचे जवळ ठेवा.

आता कार्ब्युरेटर. पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन आहे, वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के. म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. कागदावर ते आकारमानानं दीडपट निघतं. प्रत्यक्षात जेटचं क्षेत्रफळ ४० टक्के वाढवून सुरुवात करावी. इथं लोक गल्लत करतात. क्षेत्रफळ ४० टक्के वाढवायचं म्हणजे व्यास १८ टक्केच वाढवायचा. १.४० मिलिमीटरचा मेन जेट असेल तर १.६५ ला थांबा. ड्रिल मशिनला लावू नका. हाताच्या पिन-व्हाइसमध्ये बारीक ड्रिल धरून, एकेक माप चढत जा आणि कडेची बर (धातूची खरखरीत धार) साफ करा. मूळ जेट तसाच ठेवून दुसऱ्या जेटला छिद्र करा. आयडल जेटही (गाडी जागेवर चालू असताना इंधन देणारा) त्याच प्रमाणात. ॲक्सिलरेटर पंपाचा झोत वाढवायला त्याची लिंक पुढच्या भोकात टाकता येते का बघा, नाहीतर पाय दाबला की गाडी आधी दम खाईल.

मिश्रण बरोबर आहे की नाही, हे प्लग बघून ठरवू नका. पेट्रोलवर आपण प्लगचा तांबूस रंग शोधतो. इथेनॉल स्वच्छ जळतं, प्लग पांढरा-फिकट राहतो आणि बरोबर मिश्रणसुद्धा पातळ वाटतं. त्यापेक्षा चढावर, भरल्या गाडीत, तिसऱ्या गिअरमध्ये एका वेगानं जाताना चोक थोडासा ओढा. गाडी जोर धरत असेल तर मिश्रण पातळ आहे, जेट अजून एक माप वाढवा. गाडी जड झाली तर आहे ते पुरे आहे. पातळ मिश्रणावर गाडी रेटू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं.

हेड एरवीही उतरवणार असाल तर दोन कामं करून घ्या. देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. ही इंजिनं त्या पेट्रोलवर वाढली, त्यातलं शिसं व्हॉल्व्हची सीट जपायचं. आता एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. आणि हेड थोडं फेस करून (तळ घासून) कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, साताच्या आसपासवरून साडेआठपर्यंत न्या. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा (अवेळी न पेटता दाब सोसण्याचं माप) १०८ च्या घरात असल्यामुळं त्याला बारासुद्धा सोसतं, पण साडेआठवर थांबलात तर अडचणीच्या वेळी पंपावरचं साधं पेट्रोलही चालेल. किती फेस करायचं ते अंदाजानं ठरवू नका. हेडमधल्या चेंबरमध्ये ब्युरेटनं (मापाच्या नळीनं) तेल सोडून सीसी मोजा, मग लेथवाल्याला आकडा द्या.

ठिणगीचं टायमिंग दोन-दोन अंशांनी पुढं न्या. नॉकिंग (अवेळी पेटल्याची खडखड) ऐकू येईल तेव्हा थांबू, असं म्हणाल तर इथेनॉलवर ते येतच नाही. ओढ वाढायची थांबली की एक पाऊल मागं या. फार ॲडव्हान्स ठेवलंत तर सकाळी स्टार्टर उलटा लाथ मारतो.

सकाळचाच मुद्दा. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि १३ अंशांच्या खाली त्याची पेट घेण्याइतकी वाफच होत नाही. डिसेंबरात पन्हाळ्याच्या बाजूला गाडी उभी राहिली तर हा त्रास होणार. ब्राझीलच्या गाड्यांत यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची. तुम्हीही दोन लिटरची धातूची टाकी फायरवॉलवर, एक्झॉस्टच्या उलट्या बाजूला बसवा आणि दुहेरी कॉक लावा. पेट्रोलवर सुरू करा, गरम झाली की इथेनॉल. बंद करण्याआधी शेवटचे दोन किलोमीटर पुन्हा पेट्रोल. याचा दुसरा फायदा मोठा आहे. कार्ब्युरेटरची बॉडी जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि उभ्या गाडीत इथेनॉल साचून राहिलं की तिला पांढरी भुकटी धरते. पेट्रोलवर बंद केलेल्या गाडीत तो धोका पुष्कळ कमी.

आपल्याकडं इंजिन गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकायची पद्धत पडलीय. तुमच्याही गाडीतून तो गेलेला असणार. परत बसवा. इथेनॉलच्या इंजिनाला अंगात ऊब लागते. इनटेक मॅनिफोल्डला एक्झॉस्टची उष्णता देणारी जागा काजळीनं बुजली असेल तर तीही मोकळी करा. गार इंजिनात अर्धवट वाफ झालेलं इंधन सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये असं इंधन आणि पाणी मिसळल्याची ती खूण असू शकते. ऑइल आजवर जेवढ्या किलोमीटरला बदलत होतात त्याच्या निम्म्यावर बदला.

आणि आग. याबाबत मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट दाखवतो. भर उन्हात, मोकळ्या जागेत, स्टीलच्या ताटलीत चमचाभर स्पिरिट पेटवतो. ज्वाला दिसत नाही. वर लांब चिमट्यानं कागद धरला की तो भसकन पेटतो, तेव्हा पोरं मागं सरकतात. पेट्रोलच्या आगीसारखा पिवळा लोळ आणि काळा धूर येत नाही, त्यामुळं पेटलंय हे समजायलाच उशीर होतो. वेल्डिंग, बिडी, उघडा दिवा यातलं काहीही टाकीच्या कामाजवळ नको. साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही. गाडीत कोरड्या पावडरचा सिलिंडर ठेवा.

शेवटी कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधनाचा बदल आरटीओच्या मंजुरीनं आणि आरसीत नोंद करूनच करायचा असतो. गाडी जुनी आहे, फिटनेसला जाणारच आहे, तेव्हाच अधिकाऱ्याशी बोलून घ्या. नोंद नसताना रस्त्यावर अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. मंजुरी मिळेपर्यंत हे काम तुमच्या शेताच्या बांधाआतच ठेवा.

प्रश्न : माझ्याकडं जुना टाटा ४०७ आहे, ऊस आणि कांदा वाहतो. गाडीअड्ड्यावर काही ड्रायव्हर डिझेलमध्ये पंधरा टक्के इथेनॉल टाकतात आणि काही होत नाही म्हणतात. नागपुरात तर इथेनॉलवर अख्खी बस चालायची. मग माझ्या गाडीला काय अडचण?
(एक वाहनमालक, इंदापूर)

उत्तर : भाऊ, कृपा करून हे करू नका. इंजिनासाठी नंतर सांगतो, आधी तुमच्या जिवासाठी.

डिझेलच्या टाकीवर काडी टाकली तरी सहसा पेटत नाही, कारण डिझेलची वाफ साध्या हवेत फारशी होत नाही. त्यात दहा टक्के इथेनॉल पडलं की टाकीतली वाफ इथेनॉलची होते आणि ती १३ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी असते. म्हणजे वर्षातला कुठलाही दिवस. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत आग धरायला हवाच कमी पडते. इथेनॉल-डिझेलच्या टाकीत वाफ आणि हवेचं प्रमाण नेमकं स्फोटाजोगं बसतं. ४०७ ची टाकी, तिचं झाकण, गेजची वायर, हे सगळं डिझेल गृहीत धरून केलेलं आहे. अड्ड्यावर पाच गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेले असतात. याचा विचार करा.

आता इंजिन. डिझेल इंजिनात प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटलं पाहिजे. डिझेल २५० अंशांच्या अलीकडं पेटतं, इथेनॉलला ३६० च्या वर लागतात. त्याचा सिटेन आकडा (आपोआप पेटण्याच्या तयारीचं माप) दहाच्या आत, डिझेलचा पन्नासच्या आसपास. त्यामुळं मिश्रण उशिरा आणि एकदम पेटतं, खडखड वाढते, पिस्टनवर घाव बसतो. पंपाचे प्लंजर आणि नोझलची सुई यांना वंगण डिझेलचंच असतं. इथेनॉलमध्ये तो तेलकटपणा नाही. पंपाचं कॅलिब्रेशन आणि नवे एलिमेंट यांचा खर्च तुम्हाला माहीत आहे. पंधरा टक्क्यांत जे वाचलं ते एकाच पंपात जातं. शिवाय पावसाळ्यात थोडं पाणी गेलं की इथेनॉल डिझेलपासून सुटून वेगळं होतं.

नागपूरची बस खरी आहे. २०१४ मध्ये स्कॅनियाची बस तिथं आली. पण तिचं इंजिन कारखान्यातच इथेनॉलसाठी बनवलेलं होतं. कॉम्प्रेशन २८, तुमच्या गाडीचं सतरा-अठरा. तिच्या इंधनात पेट घेण्यासाठी आणि वंगणासाठी वेगळं रसायन मिसळलेलं असायचं. स्टॉकहोममध्ये अशाच बस कितीतरी वर्षं धावल्या. तुमच्या ४०७ चं तसं करायचं तर हेड उघडून नोझलच्या जागी प्लग, कॉम्प्रेशन बारापर्यंत खाली, थ्रॉटल, डिस्ट्रिब्युटर आणि वर टाकी ते पंप सगळं नवीन. त्या पैशात चांगलं इंजिन-काम, नवे नोझल आणि चार टायर होतात. धूर कमी करायचा आणि डिझेल वाचवायचं तर तेच करा. टॅपेट, नोझलचा प्रेशर आणि एअर फिल्टर एवढं बघितलं तरी फरक पडेल.

प्रश्न : सर, मी रोपवाटिका चालवते. रोपं पोचवायला जुनी पेट्रोल जीप-पिकअप आहे. मला गाडी इथेनॉलवर वगैरे न्यायची नाही, पण गेल्या वर्षापासून बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो आणि कार्ब्युरेटरमध्ये काळे कण सापडतात. मेकॅनिक म्हणतो पेट्रोल खराब आहे. पेट्रोल भरायचा पंप बदलू का?
(एक वाचक, वाई)

उत्तर : ताई, पंप बदलून हे थांबणार नाही, कारण आता पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजेच ई-२० आहे. प्रत्येक लिटरमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल. हे एका दिवसात झालं नाही. २००१ मध्ये आपल्या मिरजेत आणि मनमाडला पाच टक्क्यांचे प्रयोग झाले, तिथून वाढत वाढत इथवर आलं. नव्या गाड्यांचं रबर त्या हिशोबानं असतं, तुमच्या जीपचं नाही. काळे कण पेट्रोलचे नाहीत, ते पाइपच्या आतल्या अस्तराचे आहेत. आणि वास येतोय म्हणजे कुठंतरी पाझर आहे. तो बंद होईपर्यंत गाडी चालवू नका.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप, एसी पंपाचं किट आणि कार्ब्युरेटरचं पॅकिंग-किट एकदम बदला. एखादा पाइप चांगला दिसतोय म्हणून ठेवू नका. दुकानदाराला ‘ई-२० ला चालणारं’ असं सांगून घ्या आणि पाइपवर तसं छापलंय का ते वाचा. क्लिप स्क्रूच्या घ्या, तारेच्या नकोत. ई-२० साठी जेट बदलायची सहसा गरज नसते. गाडी धक्के देत असेल तरच मिक्स्चर स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा.

पावसाळ्यात तुमची गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल. तेव्हा टाकी भरून ठेवा, अर्धी नको. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी टाकीत उतरतं. सीझन संपला की टाकीकडून एसी पंपात येणारा पाइप काढून, त्याचं तोंड बूच मारून बंद करून, गाडी आयडलवर बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहील. पाइप काढायचं काम उघड्यावर, इंजिन गार असताना करा. नवे पाइप टाकल्यावर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एकदा टॉर्च घेऊन जोडांवरून बोट फिरवा. बोट ओलं लागलं तर त्या दिवशी रोपं दुसऱ्या गाडीनं पाठवा.